नाग वन मोअर देत नाही

परवा ऑफिसात डबा उघडला आणि फोन आला. समोरचा मुलगा एकदम गोड आवाजात, "सर, गुरुवारसाठी एक नाग मिळेल का, फणावाला?" बिनफण्याचा नाग मी कुठून आणणार होतो कोण जाणे. कुठल्यातरी सिरियलचं प्रॉडक्शन, मुंबईतल्या मढच्या बंगल्यात शूट, नागपंचमीचा ट्रॅक. त्याला म्हटलं, बाबा रे, नाग १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, तो घरी ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि शूटिंगला प्राणी वापरायचा तर आधी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते. तर म्हणे, "ते डिस्क्लेमर टाकतो ना सर आम्ही." ठेवला फोन. भाजी गार झालेली.

खरं तर चिडायचा हक्क मला नाहीये, कारण मी स्वतः हे करून बसलोय. २००९ ची गोष्ट. सर्पमित्र म्हणून नवीनच होतो, भांडुपच्या डोंगराकडच्या चाळींतून पावसाळ्यात सारखे कॉल यायचे, पोरं मला स्टीव्ह म्हणून हाक मारायची (टीव्हीवर मगरी-साप पकडणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह अर्विन २००६ मध्ये गेला तो सापामुळे नाही, स्टिंगरे माशामुळे, पण हे कोणाला सांगत बसणार). डोक्यात सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरेंनी १९८० मध्ये काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांसोबत काढलेले ते ७२ तास. अशात सिरियलवाल्यांनी बोलावल्यावर छाती फुगणारच. आदल्या रात्री पकडलेला नाग सकाळी सोडायचा होता, तो पिशवीत घालून मी थेट मढच्याच एका बंगल्यातल्या सेटवर घेऊन गेलो. चूक, सरळ सरळ चूक. कायदा माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

तिकडे गेल्यावर कळलं की रेस्क्यू आणि शूटिंग ही एकदम उलटी कामं आहेत. रेस्क्यूमध्ये साप जितक्या लवकर पिशवीत जाईल तितकं बरं, दोन मिनिटांत काम झालं तर आपण शहाणे. शूटिंगमध्ये तो बाहेर पाहिजे, फणा काढलेला पाहिजे, कॅमेऱ्याकडे तोंड करून पाहिजे, आणि हे सगळं लाइट लागेपर्यंत, मॅडमचा मेकअप होईपर्यंत आणि वरून विमान जाऊन साउंडवाला ओके म्हणेपर्यंत पाहिजे.

बंगल्याच्या जिन्याला गुळगुळीत मार्बल. सापाला पुढे सरकायला पोटाखाली काहीतरी खरखरीत लागतं, मार्बलवर तो नुसता वळवळत जागच्या जागी घसरत होता, आणि डायरेक्टर म्हणतोय, "अरे हा नाचतोय, भारी!" वरून लाइटची गरमी. सापाचं अंग बाहेरच्या तापमानावर चालतं, आपल्यासारखा घाम वगैरे नाही, जास्त तापला तर मरतो सुद्धा. मी मध्ये मध्ये ओला कपडा टाकत होतो, एवढीच अक्कल होती. पुंगीवाला पण आणलेला, नाग काय डोंबल सुरावर डोलणार, तो पुंगीच्या हलण्याकडे बघत असतो, तर बिचारा पुंगीवाला वाजवून वाजवून लाल झाला आणि गाणं शेवटी स्टुडिओतच टाकलं.

सातव्या आठव्या टेकला नागाने फणा मिटला. फणा म्हणजे राग नाही हो, भीती आहे, मानेच्या बरगड्या पसरून तो सांगत असतो की लांब राहा. किती वेळ सांगणार? आता त्याला फक्त कोपरा पाहिजे होता. "उठवा ना त्याला," म्हणून मला सांगितलं आणि मी त्याच्यासमोर हात हलवत बसलो. नाग साधारण जेवढा उभा राहतो तेवढ्याच अंतरावर फटका मारतो, हे मला पाठ होतं, त्या हिशोबाने बसलो होतो. हिशोबात नव्हता तो मागून चहाचा ट्रे घेऊन आलेला स्पॉट दादा. त्याची सावली पडली, नाग गर्रकन वळला आणि टप्पकन माझ्या बुटावर. तोंड बंद होतं, नाग पुष्कळदा असा बंद तोंडाने नुसता धक्का देतो. सगळे गप्प. मग डायरेक्टर कॅमेरामनला, "हे मिळालं का?"

मिळालं नव्हतं. वन मोअर हवा होता. मी पिशवी उघडली आणि नाग आत घेतला, पैसे पण मागितले नाहीत. जाताना सेटवरचा फर्स्ट एड बॉक्स उघडून बघितला, डेटॉल आणि बँडेज. एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनची, एक कुपी १० मिलीची असते, अंगात विष भिनलंय असं दिसलं की सुरुवातच ८-१० कुप्यांनी करतात, आणि ते हॉस्पिटलातच, कारण घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या त्या औषधाचीच रिॲक्शन येऊ शकते. मढहून कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात पोचायला किती वेळ लागतो ते संध्याकाळी त्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला विचारा. आईला मी दोन दिवस काही बोललो नाही.

आणि तो नाग होता म्हणून निभावलं. टीव्हीला नागच भयंकर वाटतो, पण तो निदान नोटीस देतो. घोणस वेटोळं करून अजगरासारखी पडून राहते, शिट्टी मात्र कुकरसारखी, आणि उसळते तेव्हा डोळ्याला दिसत नाही. कापडी पिशवीतूनही चावते, म्हणून पिशवी गाठीला धरून अंगापासून लांब न्यायची. मण्यार त्याहून फसवी. दिवसा वेटोळ्यात डोकं खुपसून गप्प पडलेली, कोणीतरी म्हणणारच की शांत आहे, हातात घ्या. तिचा चावा कधी कधी कळतसुद्धा नाही.

गेल्या वर्षी मात्र एक शूट केलं. सोसायटीच्या मीटर रूममधून काढलेला नाग सोडायचा होता, सोबत वनखात्याची माणसं, आणि एका माहितीपटाच्या टीमला परवानगी मिळालेली. मी आधीच सांगून टाकलं की हात लावणार नाही, मान पकडणार नाही, हूक आणि बरणी बस्स. माणसं तीनच, सापाच्या जायच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, कॅमेरा लांब ट्रायपॉडवर. जवळच्या हॉस्पिटलात एएसव्ही आहे का ते सकाळीच फोन करून विचारलं. फोकस लावायला दोरीचा तुकडा टाकला आणि अर्धा तास त्या दोरीचीच रिहर्सल, साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच.

मग बरणी आडवी केली. नाग बाहेर आला, जीभ दोनदा बाहेर काढली, फणा नाहीच, आणि कारवीच्या झुडपांत शिरला. बारा सेकंद असतील. डायरेक्टर बाई सवयीने बोलून गेली, "वन मोअर?" आणि स्वतःच हसायला लागली.

एपिसोडमध्ये ते नऊ सेकंद आहे. मागे पुंगी टाकलीये, ते सोडा. आईने बघून लगेच फोन केला. "तू कुठे दिसलासच नाहीस."

म्हटलं, अगं डावीकडे बूट दिसले ना, ते माझेच.

"ते होय," म्हणाली, "अंगठ्याकडे फाटलेत, नवीन घे."