शंभर पानांची पिग्मी

मार्च एंडिंगला आमच्या खानापूरच्या पतसोसायटीत रोज रात्रीचे नऊ-नऊ वाजवले, शेवटी एकदाचा बॅलन्स टॅली झाला, मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना कुंदा वाटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात जाहीर केलं की या महिन्यात मी शंभर पानांची पटकथा लिहिणार आहे. तारीख एक एप्रिल. नवरा चहा पिता पिता हसला आणि म्हणाला, "चांगलं फूल करूलालीस." त्याचंही चुकलं नाही म्हणा, लग्नाला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत त्यानं माझ्या अक्षरात किराणाच्या यादीपलीकडं काही बघितलेलं नाही.

ही आयडिया माझी नव्हे, पुण्यातल्या मैत्रिणीची. अमेरिकेतल्या काही लोकांनी २००७ साली स्क्रिप्ट फ्रेंझी नावाचा एक उद्योग काढला होता, नोव्हेंबरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायला लावणारी जी मंडळी होती तीच ही. एप्रिलचे तीस दिवस, शंभर पानं, सिनेमा लिहा नाहीतर नाटक लिहा, कसं लिहिलंय ते कोण विचारणार नाही, फक्त पानं मोजायची. बक्षीस काही नाही. २०१२ नंतर ते बंदच पडलं. मैत्रीण हॉस्टेलवर असताना तिनं ते केलं होतं, म्हणजे सुरू केलं होतं, बाविसाव्या पानावर तिची हिरोईन गच्चीत गेली ती अजून खाली आलेली नाही. तर आता चाळिशी दिसायला लागल्यावर तिला त्या गच्चीची आठवण झाली आणि एकटीला धीर होईना म्हणून तिनं मला ओढलं. "अगं रोज फक्त सव्वातीन पानं," म्हणाली. आयटीतली बाई आहे, पण हिशोब कच्चा. सव्वातीन गुणिले तीस साडेसत्त्याण्णव होतात, अडीच पानं कमी पडतात, हे मी तिला फोनवरच सांगितलं. सोसायटीत कॅशला बसून एवढं तरी येतंच.

आणि खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते त्या सव्वातीनमुळंच. शंभर पानं म्हटल्यावर छातीत धडकी भरते, पण रोज थोडं थोडं म्हटलं की ती पिग्मी झाली, आणि पिग्मी आम्हाला कोण शिकवणार? सिंडिकेट बँकेनं ही स्कीम काढली १९२८ साली तिकडं उडुपीकडं, तेव्हा रोजचे दोन आणे गोळा करायचे. आज आमच्या खानापुरात भाजीवाल्या मावशीपासून सायकल पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांची पिग्मी असते. पिग्मीची गंमत अशी की पैसे भरणाऱ्याला आपण बचत करतोय असं वाटतच नाही, आज एजंट आला, पन्नास दिले, संपलं. वाटतं ते फक्त न भरलेल्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी एजंट समोर उभा राहून "काल नव्हतासा" एवढंच म्हणतो आणि माणूस मुकाट्यानं शंभराची नोट काढतो. माझा एजंट म्हणजे मैत्रीण. रोज रात्री साडेदहाला तिचा मेसेज, नुसता आकडा. १४. मी पाठवायचा माझा. ९. मग तिचं एक तोंड वाकडं केलेलं चित्र.

आता लिहायचं कधी हा प्रश्न होता. सकाळी डबे, मुलाची शाळा दहा तारखेपर्यंत होती नंतर तो दिवसभर घरात (हे जास्त वाईट), संध्याकाळी स्वयंपाक, आणि सोसायटीत एप्रिलमध्ये ऑडिटर बसलेला असतो त्यामुळं तिथं मान वर करायची सोय नाही. राहता राहिली बस. बेळगाव ते खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पिरनवाडी, मच्छे, देसूर, प्रभूनगर करत जाताना तासभर, येताना तासभर. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून बसायला जागा मिळणं म्हणजे नशीब, पण उभ्या उभ्यासुद्धा एका हातानं मोबाईलवर टाईप करता येतं, खांब दंडात धरायचा. कंडक्टर ओरडत असतो, "मुंद होगरी, मुंद होगरी, आधार तोरसरी," म्हणजे पुढं सरका, आधार दाखवा, मागून एक आजी त्याला मराठीत सांगते, "अरे बाबा पिशवीत तळाला हाय, गेल्या सोमवारी दाखवलं की तुला," तो कन्नडमध्ये म्हणतो सोमवारी मी नव्हतोच, आजी मराठीत म्हणते मग तुझा भाऊ असंल, आणि सगळी बस हसते. कुणी कुणाच्या भाषेत गेलं नाही, कुणाचं काही अडलं नाही. झिरो तिकीट हातात येतं. मोबाईलची बॅटरी गेली की त्या तिकिटाच्या मागं पेनानं लिहायचं.

पण हे सगळं मी लिहीत नव्हते हो! इथंच तर घोळ. माझी गोष्ट होती कोथरूडची. सानिका नावाची मुलगी, फ्लॅट, बाल्कनी, बाल्कनीत कॉफी, एक मुलगा, दोघांचं काहीतरी बिनसलेलं. कोथरूडात मी आयुष्यात दोनदा गेलेय, दोन्ही वेळा लग्नाला. तरी पटकथा म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपोआप बाल्कनीच आली, आमच्या बेळगावात शहापुरातल्या घराला बाल्कनी नाही म्हणून असेल. पहिली एकोणीस पानं सानिका आणि तो मुलगा एकमेकांना "तू खूप बदललायस" असं म्हणत होते. नवव्या दिवशी एकोणीस पानं, म्हणजे अकरा पानांची थकबाकी. आणि मग एकतिसाव्या पानावर त्या मुलानं विचारलं, "तुला माझ्यासोबत यायचंय का?" आणि सानिका म्हणाली, "होय की."

मी ते बसमध्ये टाईप केलं, मच्छेच्या स्टॉपला, आणि मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. रात्री मैत्रिणीचा फोन. "कोथरूडमध्ये 'होय की' कोण म्हणतं गं?" मी म्हटलं सानिका म्हणते. ती म्हणाली का म्हणते? आता खोडायला काही अवघड नव्हतं, पण खोडलं की दोन शब्द कमी आणि मी आधीच मागं. मग मी सानिकाची आई खानापूरची केली. सोपं काम. आई खानापूरची झाल्यावर तिला आजोळ आलं, आजोळ आलं तर मामा आला, मामा "काय करूलालाय तुम्ही दोघं" असं म्हणत फोन करायला लागला, आणि मामाच्या फोनची पानं अशी भराभर सरायला लागली की दोन दिवसांत तेरा पानं झाली. चौसष्टाव्या पानावर सानिका भांडून रात्रीच्या गाडीत बसली आणि पहाटे बेळगावात उतरली. मी तिला आणली नाही, देवाशपथ, ती आपली आपण आली. बाल्कनी तिकडंच राहिली, त्यात कॉफीचे दोन कप.

पटकथेचे नियम मैत्रिणीनंच समजावले होते. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पण हे गणित इंग्रजीतल्या त्यांच्या कुरियर टाईपवर बसवलेलं, बारा पॉइंटाचं, आमची देवनागरी वर वेलांट्या खाली उकार घेऊन बसते, दोन ओळींत केवढी जागा खाते. म्हणजे माझं पान लवकर भरायचं. याला मी चोरी म्हणत नाही. फॉन्ट एकदा चौदा केला होता त्याला म्हणते, पण तो दुसऱ्या दिवशी परत बाराला आणला.

दुसरा नियम, जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं. "तिला वाईट वाटलं" असं लिहिता येत नाही, कॅमेऱ्याला वाईट वाटलेलं दिसत नाही. हा नियम कळल्यापासून माझी घरात पंचाईत झाली, कारण मी माणसांकडं बघत बसायला लागले. आमच्या सासूबाईंचं माहेर हुक्केरीकडचं. त्या रागावल्या की भांडी आपटत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत, मागच्या दाराला जाऊन शेजारणीशी कन्नडमध्ये बोलायला लागतात. मला कन्नड चांगलं समजतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. मला समजतं हे त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी गेली अकरा वर्षं आम्ही दोघीही ते कन्नड म्हणजे भिंत असल्यासारखं वागतो, आणि त्या भिंतीमुळं घरात एकदाही कडाक्याचं भांडण झालेलं नाही. हे मी जसंच्या तसं सानिकाच्या आजीला दिलं. मैत्रीण म्हणाली, हे कन्नड डायलॉग कोणाला समजणार? मी म्हटलं, आमच्या बसमध्ये सगळ्यांना समजतात.

अडले मी एका वेगळ्याच जागी. प्रत्येक सीनच्या डोक्यावर लिहावं लागतं, आत का बाहेर, कुठलं ठिकाण, दिवस का रात्र. सानिका पहाटे उतरते तो सीन. बाहेर. बस स्टँड. पहाट. आणि गावाचं नाव? २०१४ पासून पाट्यांवर बेळगावी आहे, आमच्या तोंडात बेळगाव आहे. पाटी दाखवायची तर बेळगावी दिसणार, सानिका फोनवर सांगणार तर बेळगाव म्हणणार. घरात या विषयावर जेवणं थांबलेली मी लहानपणी बघितलीत, काका हात धुवून उठून गेलेले बघितलेत, त्यामुळं माझं बोट मोबाईलवर अर्धा मिनिट तसंच थांबलं. शेवटी काय केलं, लिहिलं "बाहेर. स्टँड. पहाट." एवढंच. इथल्या माणसाला कुठला स्टँड ते सांगावं लागत नाही.

सतरा तारखेला वळीव आला, गारा पडल्या, रात्रभर लाईट नाही. त्या रात्री मेणबत्तीत वहीवर लिहीत बसले तर सासूबाई उठून आल्या. "काय लिवूलालीस एवढं? परीक्षा हाय काय तुझी?" मी म्हटलं, आत्या, सिनेमा लिहायलेय. त्या समोर बसल्या, म्हणाल्या वाच बघू. आता त्यांचीच गोष्ट त्यांना कशी वाचायची! मागच्या दाराचा सीन गाळून पुढचं वाचलं. मध्येच म्हणाल्या, "ही पोरगी जेवली का न्हाई सकाळपास्नं?" खरंच जेवलेली नव्हती, पहाटेपासून चार सीन झाले होते. त्यानंतर रोज रात्री त्यांना वाचून दाखवायचं हे ठरूनच गेलं, मैत्रिणीच्या मेसेजपेक्षा हा एजंट कडक.

सव्वीस तारखेला एकाहत्तर पानं. चार दिवसांत एकोणतीस होणं शक्य नव्हतं, तेव्हा मी स्वतःला अण्णासाहेब किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा माणूस, बेळगावात मास्तरकी केलेला. नोकरीत असतानाच शाकुंतल लिहायला घेतलं, आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात जो पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चारच अंकांचा, सातच्या सात अंक रंगमंचावर यायला पुढचं वर्ष उजाडलं. मराठी संगीत रंगभूमी तीन अंक उधारीवर ठेवून सुरू झाली, मग मी कोण? हे मैत्रिणीला ऐकवलं तर ती म्हणाली, त्यांनी पदंही लिहिली होती.

त्यात वैशाखातली शिवजयंती आली. ज्यांनी बेळगावची चित्ररथ मिरवणूक बघितलेली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, रात्रभर गाव रस्त्यावर असतं. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना कुठून तरी बातमी लागली होती की वहिनी डायलॉग लिहितात. दारात सहाजण. "वहिनी, आग्र्याहून सुटका हाय, पाच मिनिटाचं पायजे, उद्या रेकॉर्डिंग." मी दोन तासांत लिहून दिलं, पाच पानं, औरंगजेबाला जरा जास्तच बोलायला लावलं कारण त्याचं काम करणारा पोरगा रोज आमच्याकडं दूध घालतो. ती पाच पानं शंभरात धरायची का यावर मैत्रिणीचा आणि माझा अर्धा तास वाद झाला. मी धरली. तीस दिवसांतच लिहिलीत, पटकथाच आहे, आणि माझी तेवढीच काय ती प्रोड्यूस झालेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कर्ण्यातून, कपिलेश्वर पुलाजवळ पहाटे दीड वाजता. निम्मं डॉल्बीत ऐकू आलं नाही.

तीस एप्रिलच्या रात्री आकडा होता ९३. मैत्रिणीचा १०२. तिची हिरोईन शेवटी गच्चीतून खाली आली म्हणे. माझी सानिका खानापूरच्या स्टँडवर उभी आहे, मामाच्या घरून निघालीय, परत जायचं का नाही ते तिचं ठरत नाही, आणि बस येत नाही. बस का येत नाही ते मलाही सांगता येईना.

दोन मेला रात्री भाकऱ्या करता करता सासूबाईंनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं गं? गावली का बस?"

म्हटलं, "नाही आत्या. महिना संपला."

"म्हंजे उभीच हाय?" तव्यावरची भाकरी उलटली. "साडेसहाला गोव्याहून एक येती की. खच्चून भरलेली असती, स्टँडात शिरत न्हाई. तिला म्हणावं भाईर रस्त्यावर ये आन् हात कर."