शाओहेची शवपेटी, 1:10 : कातड्यानं दाखवलेले रंग

मंडळी, शाओहेच्या एका बाईच्या शवपेटीची 1:10 मापाची प्रतिकृती करतोय, आणि गेल्या खेपेला तिच्या दोन्ही बाजूच्या फळ्या वाकवून झाल्या होत्या. आंब्याच्या पेटीची फळी गरम पाण्यात भिजवली, डब्याला बांधून वाळवली, झकास बाक आला. इथवर सगळं सुरळीत.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: चीनच्या शिनजियांगमध्ये, तारीम खोऱ्यात, लोप नूरच्या पश्चिमेच्या वाळवंटात शाओहे नावाचं कबरस्तान आहे. वाळूची एक टेकडी आणि तिच्यावर लाकडी खांबांचं रानच. ओर्देक नावाच्या स्थानिक शिकाऱ्याला ते आधी सापडलं, 1934 मध्ये त्याच्याच मदतीनं स्वीडिश पुरातत्त्वज्ञ फोल्के बर्गमन तिथं पोचले. मग ते हरवलं ते थेट 2000 पर्यंत. 2002 ते 2005 मध्ये रीतसर उत्खनन झालं, 167 कबरी निघाल्या. जुन्यातली जुनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. प्रेतांना कुणी मसाले लावले नव्हते. कोरडी हवा, खारी वाळू आणि हिवाळ्यातली कडाक्याची थंडी, यांनीच ती टिकवली.

शवपेटी म्हणजे उलटी घातलेली होडी. तिला तळ नाही. दोन बाकदार फळ्या टोकांना जुळवलेल्या, वर आडव्या छोट्या फळ्या, आणि त्यावर बैलाचं ओलं कातडं. वाळताना ते आवळतं आणि सगळं जखडून टाकतं.

बैलाचं कातडं आपल्याकडे आणणार कुठून? ढोलकी मढवणाऱ्या एका काकांकडून बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा आणला. त्यांनी विचारलं, ‘‘कुठलं वाद्य?’’ मी खरं ते सांगितलं. काका काही बोलले नाहीत, पण पैसेही घेतले नाहीत.

ओलं कातडं चढवून रात्री झोपलो. सकाळी बघतो तर दोन्ही फळ्या आत दबून पेटीचं शेंगेसारखं झालेलं. तळ नसल्यामुळे आतून आधारच नव्हता! दुसऱ्या खेपेला आत ओली वाळू ठासून भरली, वर फळ्या मांडल्या, मग कातडं चढवलं. दोन दिवसांनी वाळू खालून काढून घेतली. एक खिळा नाही, फेव्हिकॉलचा थेंब नाही, तरी हलवून हलत नाही. टिचकी मारली तर चक्क डिमडीसारखी वाजते.

आतलं सामान: गव्हाचे दाणे, गवताची टोपली, पांढऱ्या नमद्याची पीस खोवलेली टोपी आणि एफेड्रा नावाच्या झुडपाच्या काड्यांची जुडी. एफेड्रा म्हणून खराट्याचे हीर उभे चिरून वापरले. काही जण यालाच वेदांतला सोम मानतात, त्या वादात मी पडत नाही. लोकरीच्या वस्त्रासाठी घोंगडीचा तुकडा घेतला होता, पण या मापात तो गालिचाच वाटायला लागला. शेवटी आजीची विरलेली शाल कापली. चीजचा चुरा मात्र जमला नाही, मेणावरच भागवलं. खऱ्या ममींच्या गळ्याभोवती त्याचे तुकडे मिळालेत, आणि ते केफिरच्या, म्हणजे एका आंबवलेल्या दुधाच्या, विरजणाचे असल्याचं त्यातल्या डीएनएवरून कळलंय. दुधाची विद्या यांना होती, पण 2021 च्या जनुकीय अभ्यासानुसार ही माणसं पश्चिमेकडून आलेले पशुपालक नव्हती. तिथल्याच जुन्या, एकट्या पडलेल्या वंशाची होती. विद्या शेजाऱ्यांची, रक्त स्वतःचं.

खांबाबाबत माझी चूक: मी वल्ह्यासारखा खांब बाईच्या कबरीपुढे रोवला होता. तो पुरुषाचा. बाईपुढे उभा, निमुळता खांब, टोक लाल. पुन्हा तासला, गेरू लावला.

आतल्या बाईचा चेहरा केलेला नाही. झाकलेलंच राहू दे.

आता नवंच दुखणं. परवा पाऊस सुरू झाला आणि कातडं सैल पडलं, टिचकीला भद्द आवाज. हलगीवाले शेकोटीवर हलगी तापवतात, तसं मी रोज सकाळी हेअर ड्रायर फिरवतोय. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून कुणी असं काही सांभाळलं असेल तर किती लागतात ते कळवा.