तुम्ही विचारलंत म्हणून: अजून सोसायटीची सेक्रेटरी का?

चिपळूणच्या बाजारात भेटणारे विचारतात, परवा सख्ख्या बहिणीनेही विचारलं. सभेला कुणी येत नाही, मेंटेनन्स वेळेवर देत नाहीत, वर बोलणी खायची. मग सोड की ते सेक्रेटरीपद!

अठरा फ्लॅट. त्यातले सात बंद, मालक मुंबईला. दारं उघडतात ती गणपतीत आणि मे महिन्यात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश, म्हणजे बारा डोकी. बारा कधी जमत नाहीत. मग अर्धा तास थांबून तहकूब सभा भरवायची, तिला कोरम लागत नाही. वर्षानुवर्षं सहा-सात जणांत ठराव पास केले आणि घरी येऊन म्हटलं, लोकांना सोसायटीची पडलेलीच नाही.

२०२१ नंतर तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला होता. टाकीची सफाई, पार्किंग, ओला कचरा, थकबाकीदारांची यादी, २१ टक्के व्याजाची आठवण. दिवसाला चार-पाच मेसेज. मला वाटे, किती काम करतेय मी! २१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. दोनच्या सुमाराला मी लिहिलं, ‘वाशिष्ठीचं पाणी वाढतंय, तळमजल्याने सामान वर काढा.’ आणि पडले. जिन्यापाशी २००५च्या पुराची खूण होती, पाणी तिच्यापुढे जाणार नाही असं सगळेच धरून चाललो होतो. पहाटे खालून दार बडवल्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन उतरले तर तिसरी पायरी पाण्याखाली. तळमजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई आत, पाण्याच्या दाबाने दार उघडेना. वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांनी खांदा लावला. आजींना पाठीवर घेऊन वर आणलं. मागे सिलिंडर तरंगत होता. वहिनींचं शिलाई मशीन बुडालं, गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले ब्लाउजपीस चिखलात गेले. त्यावरच घर चालत होतं.

आठवड्याने आम्ही दोघी खराट्याने चिखल ओढत होतो. त्या म्हणाल्या, “ताई, ग्रुप म्यूट केला होता. तुमचे मेसेज पैशांचेच असतात ना.” आवाजात राग नव्हता.

मी तरी काय करणार होते? थकबाकी मागितली नाही तर पंपाचं बिल कोण भरणार? हे मी आजही म्हणते आणि ते खरंच आहे. पण दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला दोन मिनिटं लागतात. त्या रात्री मी ती दोन मिनिटं दिली नाहीत, मेसेज टाकला की काम झालं असं धरलं. म्यूट करणाऱ्याला दोष देता येतो. पण रोज वाजणारी घंटा कुणी ऐकत नाही, हे पंचवीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कळायला हवं होतं.

पुरानंतर बुडालेली मोटर मी ठराव न करता बदलली. मुंबईच्या एका सभासदाने हिशेब मागितला तेव्हा चिडले, लोक तहानलेले असताना ठराव कसला! पण त्यांचंही खरं होतं. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला, हात लावायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि पैसे त्यांचेही होते.

आता तातडीच्या निरोपांसाठी वेगळा ग्रुप आहे: पाऊस, गॅस, पाणी, एवढंच. थकबाकीचा कागद मी घरोघर नेते. चहा होतो, तक्रारी निघतात, पैसे कधी मिळतात कधी नाही. गेल्या सभेला नऊ जण आले. बारा नाहीच.

प्रायश्चित्त म्हणून पद धरून ठेवलंय का? थोडं तसंही असेल. पण मला हे काम आवडतं, हेही खरं. वहिनींना म्हटलं, महिलांच्या राखीव जागेवर कमिटीत या. “बघू,” म्हणाल्या. दोन वर्षं झाली.

पाऊस वाढला की मी खाली जाऊन त्यांची कडी वाजवते. त्या दार उघडतात, “कळलं ताई” म्हणतात आणि दार लावून घेतात.