पाण्यात न सुरकुतलेली तीन बोटं

पावसाळ्यात देवगडकडे माझ्या फिजिओच्या सेंटरला कापलेले हात जास्त येतात. कोयता, विळी, मासे साफ करायची सुरी आणि नर्सरीतले कलमाचे चाकू. बहुतेकांचं ठरलेलं असतं, टाके निघालेत, बोटं आखडलीत, मेणाचा शेक, व्यायाम, महिन्याभरात माणूस परत कामावर. ही केस तशी नव्हती आणि अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

काका पन्नाशीचे, कोय कलमं बांधणारे. बाठा रुजून आलेलं तांबूस पानांचं कोवळं रोप (खुंट) वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. बघायला सोपं वाटतं, पण डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कळावं लागतं की सालीला साल भिडली की नाही, डोळ्याला ते नीट दिसत नाही. पैसे नगावर. तर उजव्या हातातला चाकू सटकला आणि डाव्या मनगटात आतल्या बाजूला घुसला.

जवळच्या एका दवाखान्यात टाके घातले. "बोटं हलवा" म्हणाले, बोटं हलली, झालं. काका तेव्हापासून सांगत होते की बोटं बधिर आहेत. आधी म्हणे भूल उतरली की येईल, मग म्हणे सूज आहे, मग म्हणे व्यायाम करा, म्हणून माझ्याकडे.

इथे माझी जुनी चिडचिड आहे ती लिहूनच टाकते. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मनगटात नाही, कोपराखाली असतात, आणि मधल्या नसेच्या (मेडियन नर्व्ह) त्यांना जाणाऱ्या फांद्या जखमेच्या बऱ्याच वर सुटलेल्या असतात. म्हणजे मनगटावर ही नस पूर्ण तुटली तरी माणूस मूठ वळून दाखवतो. जातं काय, तर अंगठ्याच्या बुडाचे काही छोटे स्नायू आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी बाजू ह्यांचा स्पर्श. तो तपासायला मशीन लागत नाही, भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी तर्जनीच्या टोकाला हात लावून विचारायचं, लागतंय का. हे सगळे शिकतात, पेपरात लिहितात आणि कॅज्युअल्टीत विसरतात.

त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. काका-काकी बाईकवरून चिंब भिजून आले, काकी पदराने त्यांचा हात पुसत होत्या आणि पुसता पुसता थांबून म्हणाल्या, "ह्या बोटांका सुरकुत्यो कशे नाय?" मी बघितलं. करंगळी भिजून सुरकुतलेली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट गुळगुळीत. आणि अनामिका उभी वाटून घेतल्यासारखी, करंगळीकडची बाजू सुरकुतलेली, दुसरी सपाट. पुस्तकातली आकृती माझ्यासमोर स्टुलावर बसलेली होती!

पाण्यात बोटं सुरकुततात ती कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे बोटाच्या गरातल्या रक्तवाहिन्या आवळतात, गर आतून कमी होतो आणि वरची कातडी दुमडते. आवळायचा हुकूम ज्या बारीक तंतूंतून येतो ते स्पर्शाच्या तंतूंबरोबर त्याच नसेतून येतात. नस तुटली की दोन्ही जातात, घामही जातो. मी दोन्ही हात अर्धा तास कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला लावले, तेच चित्र. मग हात कोरडे करून प्लास्टिकचं पेन बोटांवरून ओढलं, करंगळीवर घामाने किंचित अडकत होतं, तर्जनीवर काचेवरून सरकावं तसं गेलं.

त्या दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, हे लोक वाढवून सांगतात." मग बोटांचा फोटो पाठवला आणि थोड्या वेळाने कोल्हापूरला पाठवायचं पत्र तयार झालं. काका सगळं ऐकत बसलेले. एवढंच म्हणाले, "मी पयल्या दिवसापासून सांगतंय, तेवा कोणी ऐकला नाय. पाण्यान सांगल्यार सगळे धावले."

ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हाड मोडलं तर एक्सरेत दिसतं. स्पर्श गेला तर तो गेला हे फक्त ज्याचा गेलाय तोच सांगू शकतो, आणि सांगणारा नगावर कलमं बांधणारा असेल तर त्याचं सांगणं किती धरायचं हे समोरचा ठरवतो.

कोल्हापूरला उघडल्यावर कळलं की नसेची दोन टोकं मागे सरकून जखमेच्या वणात अडकलीत. खराब भाग छाटला तर मध्ये फट राहते, ताणून जोडलं तर टिकत नाही, म्हणून पायाच्या मागच्या बाजूची सुरल नस काढून तिचे तुकडे मध्ये बसवले. बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते, ते आधी सांगतात. काका परत आले ते खूश होऊन, "पायाची काडी काढून हाताक कलम केला!"

मग आमचा वाद सुरू झाला. मी म्हटलं काका, कलमात काडी जगते, तिलाच आंबे लागतात. इथे उलटं. कापाच्या खालचा प्रत्येक तंतू मरतो, त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते साफ करतं. १८५० मध्ये वॉलर नावाच्या माणसाने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. पायातून आणलेल्या तुकड्यातले तंतूही तसेच मरतात. जगतात त्या तंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी, त्या तंतू गेल्यावर उरलेल्या रिकाम्या नळ्यांमध्ये रांग लावून बसतात. बोटाच्या टोकाच्या स्पर्शाची मूळ पेशी मानेच्या मणक्याशेजारी असते, तिथून बोटापर्यंत एकच लांबलचक तंतू. पेशी जिवंत असेल तर कापलेल्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि त्या नळ्यांतून खाली सरकतो. काकांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुमी खुंटावर मेलेली काडी बांधलास, आणि खुंटच तिच्या आतसून वाढतलो. साल तेवडी जिवंत." यापेक्षा चांगलं मला अजून कुणाला समजावता आलेलं नाही.

वेग म्हणाल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही सुरुवातीचे काही आठवडे सोडून. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत हिशोब करा. नव्या तंतूचं टोक कुठवर आलं ते नसेवर हलकी टिचकी मारून कळतं, जिथे बोटात मुंग्या उठतात तिथवर. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्सचा टिनेल आणि जर्मनीचा हॉफमन ह्यांनी एकमेकांशी संबंध नसताना हे लिहिलं, दोघांकडे कापलेल्या नसांचे सैनिक भरपूर होते. आम्ही काकांच्या तळहातावर पेनाने खूण करायचो, काकी पुढच्या खेपेला ती कुठे गेली बघायच्या. ह्या काळात मुंग्या, करंट, रात्री जळजळ, हे सगळं होणारच. गावातल्या कुणीतरी सांगितलं नस चुकीची जोडली, झालं, काका दोन खेपा आलेच नाहीत. दुखायला लागलं म्हणजे बिघडलं, हे आपल्या लोकांच्या डोक्यातून कसं काढायचं मला माहीत नाही.

परत येताना टोचणं आणि गरम-गार आधी येतं, मग बोटावरून काही सरकलेलं कळतं, मग नुसतं टेकलेलं. आणि आलं तरी पत्ते चुकलेले असतात, कारण तंतू आपल्याच जुन्या नळीत शिरेल असं नाही. तर्जनीला लावलं की काका मधलं बोट सांगायचे. मग डोळे मिटून चिंचोके, तांदूळ, काजूची बी ओळखायची, चुकलं की डोळे उघडून बघायचं, परत मिटायचे. मेंदूला नवे पत्ते पाठ करायला लावायचे, दुसरा उपाय नाही.

ह्या वर्षीच्या हंगामाआधी नायलॉनच्या तंतूंनी तपासणी केली. हे तंतू ठराविक जोराला वाकतात, प्रत्येक जोराला रंग ठरलेला, हिरवा म्हणजे नॉर्मल. काका जांभळ्यापर्यंत आलेत, त्याला हिरव्यापेक्षा बराच जास्त, २ ग्रॅमचा जोर लागतो. मनगटावर जोडलेली नस पन्नाशीत पूर्ण हिरवी होणं कठीण, हे मी त्यांना सांगितलंय.

ह्या तपासणीत मध्ये मध्ये तंतू न लावताच विचारायचं असतं, पेशंट अंदाजाने बोलत नाही ना ते बघायला. मी न लावता विचारलं आणि काका म्हणाले "लागला". परत तसंच केलं, परत "लागला". डोळे उघडून त्यांनी माझा रिकामा हात बघितला. "माका फसवतास?"

मी समजावलं, नियमच आहे, सगळ्यांना करतो. आणि नसेतले नवे तंतू कधीकधी काही न लावता स्वतःहूनच सिग्नल सोडतात, म्हणजे त्यांना खरंच लागलं असेल. पण फॉर्मवर दोनच रकाने, बरोबर आणि चूक. काका म्हणाले, "तुमीव पाण्यात घालून बगा मगे." घातली. तर्जनी आता बऱ्यापैकी सुरकुतते, पण सुरकुती येणं आणि स्पर्श येणं एकत्र चालतंच असं नाही, नस परत वाढताना तर नाहीच, त्यामुळे ह्या वेळी पाणी कुणाच्याच बाजूने साक्ष देईना. त्या दोन ओळींसमोर मी दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि बाजूला लिहिलं, पेशंट म्हणतो लागलं.