गोधडी विकायला काढण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "हात चांगला आहे, घरात शिवलेल्या गोधड्या सगळ्यांना आवडतात, आता विकायच्या आहेत. सुरुवात कुठून करू आणि किंमत काय लावू?" बहुतेक जणी किंमत सगळ्यात शेवटी ठरवतात. ती सगळ्यात आधी ठरवावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी पहिला टाका घालण्याआधी तास मोजायला हवेत.

एका माणसाची मोठी गोधडी घ्या. तिचं माप साडीच्या पन्ह्यावरून ठरतं. 45 इंच पन्ह्याचे दोन तुकडे जोडले की शिवणीतला भाग वजा जाऊन 88 इंच लांबी मिळते, रुंदी 60 इंच ठेवायची. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून 62 इंचांचे तीन तुकडे निघतात, म्हणजे तीन साड्यांत चार थर होतात. आता अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर 120 ओळी, प्रत्येकी 88 इंच. बेरीज 268 मीटर. सराईत हातालाही एका ओळीला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, म्हणजे नुसती शिलाई तीस ते चाळीस तासांची. तासाला 70 रुपये धरले तरी मजुरीच 2100 ते 2800 रुपये होते. नवख्या विक्रेतीला ही किंमत सांगायला जीभ रेटत नाही. ती 1500 सांगते आणि चार गोधड्यांनंतर थकून काम सोडते.

म्हणून सुरुवात बाळाच्या गोधडीपासून करा. 36 बाय 36 इंच, तीन थर, पाऊण इंचावर ओळी. 48 ओळी, म्हणजे जेमतेम 44 मीटर शिलाई. पाच तास शिवण्याचे, दोन तास कापणं, टाचणं आणि कडेला गोट लावण्याचे. बारशाच्या निमित्ताने मागणी वर्षभर असते आणि चूक झाली तर नुकसानही छोटं असतं.

कापड सुतीच घ्या. वरचा आणि खालचा थर प्रत्येकी एक मीटर, मध्ये एक मीटर मलमल. कापण्याआधी तिन्ही धुवा, ही पायरी कधीही गाळू नका. नव्या कापडात खळ असते, सुई अडते आणि बोट दुखतं. शिवाय सुती कापड आटतं. मीटरभर, म्हणजे 39 इंच कापड धुतल्यावर 37–38 इंच उरतं. न धुता शिवलं तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात वरचा थर एका मापाने आटतो, मलमल दुसऱ्या मापाने, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. मग ती परत येते. धुतल्यावर प्रत्येक थर 37 इंचांचा कापला की वरच्या आणि खालच्या कापडाच्या पन्ह्यातून दोन इंचांच्या दोन-दोन पट्ट्या उरतात. चार बाजूंना चार पट्ट्या, गोटासाठी वेगळं कापड विकत घ्यावं लागत नाही.

रंगाची परीक्षा कापडाच्या दुकानातून घरी आल्या आल्या करा. पांढरं ओलं फडकं कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड बाळाच्या गोधडीत नको. लाल, गडद निळा आणि बाटिक यांच्याबाबतीत विशेष जपा. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं पुष्कळ जणी सांगतात. आधीच रंगवून आलेल्या कापडाचा रंग तेवढ्याने पक्का होत नाही.

तीन थर फरशीवर ताणून पसरा, चारी कडा चिकटपट्टीने धरून ठेवा आणि मधोमधपासून कडेकडे, चार-चार बोटांवर कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके, घाला. याचा कंटाळा केला की थर सरकतात आणि शेवटच्या ओळींत झोळ जमा होतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. दोरा सुतीच हवा. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला तर गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून विरतो. गाठ थरांच्या आत लपवा. टिकल्या, आरसे, बटणं बाळाच्या गोधडीवर लावूच नका. काम संपलं की सुया आणि टाचण्या मोजा, वरून लोहचुंबक फिरवा. हे दर वेळी करायचं, एकदाही सोडायचं नाही. साठवताना डांबर गोळ्या नकोत. त्यांची वाफ नवजात बाळाला अपायकारक असते. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा.

आता किंमत. भाव गावोगाव वेगळे असतात, तरी एक हिशेब मांडते. वरच्या-खालच्या कापडाचे 280, मलमलीचे 70, दोरा, लेबल आणि पिशवीचे 50, मिळून 400. सात तासांचे 490. एकूण 890. ही तुमची पडती किंमत, विकायची किंमत नव्हे. समजा विक्रीची किंमत 1300 ठेवली आणि प्रदर्शनात तीन दिवसांच्या टेबलाचं भाडं 3000 आहे. 15 गोधड्या गेल्या तर नगामागे भाडं 200 पडतं आणि हातात 210 राहतात. सहाच गेल्या तर नगामागे भाडं 500 होतं आणि प्रत्येक नगावर 90 रुपये खिशातून जातात. टेबल घेण्याआधी हा भागाकार कागदावर करा. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा बचत गटांसाठीचं मुंबईचं महालक्ष्मी सरस इथे गर्दी मोठी असते, पण तिथे जायला माल भरपूर लागतो. पहिल्या वर्षी सोसायटीतलं किंवा शाळेतलं एक दिवसाचं प्रदर्शन बरं.

"मशीनची निम्म्या भावात मिळते" हे ऐकावं लागणारच. मशीनची शिलाई वाईट नसते, तिला नावं ठेवू नका. गोधडी उलटी करून मागचा टाका दाखवा, तास सांगा, आणि मशीनवर शिवलेल्या एकाही नगावर "हातशिलाई" लिहू नका.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारातही, राज्यापुरतं, जीएसटी नोंदणी न करता नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. परराज्यात पाठवण्याआधी मात्र कर सल्लागाराला एकदा विचारा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा जास्त आला तर त्याचे पैसे घेतात. 30 बाय 25 बाय 6 ची घडी खरी 300 ग्रॅमची, पण आकारणी 900 ग्रॅमची. दाबून उंची 3 वर आणली की तीच 450 वर येते.

एक काम सुरुवातीला घेऊ नका, पण कधी ना कधी दारात येईल: आईच्या किंवा आजीच्या साड्यांची गोधडी. हे काम फार जपून करायचं असतं, कारण चूक झाली तर ती साडी पुन्हा मिळत नाही. साड्या आल्या की प्रत्येक साडी उजेडासमोर धरून गिऱ्हाइकासमोरच तपासा. कमरेजवळचा आणि पायाजवळचा काठ आधी विरतो, पदर बहुधा मजबूत असतो. विरलेला भाग वर घेतला तर प्रत्येक टाक्याचं भोक वाढत जाऊन ओळीच्या ओळीने फाटतो. तो आतल्या थरात घाला, हवं तर वर मलमलीचं अस्तर द्या. जरीचे काठ काढून ठेवा, ते टोचतात. कुठला भाग वर दिसणार, कुठला आत जाणार हे लिहून सही घ्या, कापण्याआधीचे फोटो काढा, निम्मे पैसे आगाऊ घ्या. साडी अजून नेसण्याजोगी असेल तर ती कापू नका असं स्वतःहून सांगा, काम हातचं गेलं तरी चालेल. आणि गोधडी देताना उरलेला एकेक तुकडा, काढलेले काठ, अगदी चिंधीसुद्धा पिशवीत घालून परत द्या. ते कापड त्यांचं आहे.