विहिरीतला बाळू

मंगळवारी दुपारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. शुक्रवारी सीनियर केजीचं शो अँड टेल, विषय 'माय पेट', प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, छोटा प्राणी नीट बंद डब्यातून आणला तर चालेल, कुत्रा मांजर असेल तर फोटो. आणि पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर जे काय सुरू झालं म्हणता... कुणाचा लॅब्रेडोर, कुणाची पर्शियन मांजर (तिचा स्वतःचा वेगळा सोफा आहे!), कुणाकडे निळेपिवळे लव्हबर्ड्स. आमच्याकडे काय, गॅलरीतली कबुतरं, आणि ती पाळलेली नाहीत, त्यांनीच आम्हाला ठेवून घेतलंय.

सासूबाईंना सांगितलं की आमच्या लेकीला, ठमीला, पेटवर बोलायचंय तर त्या म्हणाल्या, "पेट म्हणजे हिंदीतलं पोट?" मग समजल्यावर म्हणाल्या मिठू आणूया की, आमच्या माहेरी होता, आल्यागेल्याला शिव्या द्यायचा. आता त्यांना कसं सांगू की आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. सांगितलं. त्यावर, "मग तेव्हा कुणी पकडलं कसं नाही?" आता माहेरचा विषय असल्यावर मी गप्पच बसले.

मी ठरवलं होतं की सरळ मैत्रिणीच्या मांजरीचा फोटो घेऊ आणि मोकळं होऊ. तर ठमी एकदम शांतपणे, भात कालवता कालवता म्हणाली, "पण मला आहे ना पेट. विहिरीत. बाळू."

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, जुनी सोसायटी, मागच्या बाजूला विहीर आहे, वर लोखंडी जाळी, पाणी फक्त झाडांना आणि गाड्या धुवायला. त्या विहिरीत महापालिकेची माणसं येऊन गप्पी मासे सोडून गेली होती, डास होऊ नयेत म्हणून. आणि आमचे आजोबा रोज संध्याकाळी नातीला घेऊन चक्कर मारायला जातात ते तलावपाळीला जातात असा माझा समज, पण ही दोघं जातच नव्हती कुठे! विहिरीच्या कट्ट्यावर बसून मासे बघत होती. सहा महिने. आणि त्यातला एक मोठा करडा मासा म्हणजे बाळू, तोच नेहमी जाळीखाली येतो म्हणे. तोच कशावरून, असं विचारलं तर "त्याच्या पोटावर काळा डाग आहे, त्याने शाई खाल्ली."

खरं सांगू? मला लाज वाटली. लोकांच्या पोरांचे हजारो रुपयांचे कुत्रे आणि माझी पोरगी मलेरिया खात्याचा फुकटचा मासा घेऊन जाणार. पण ती हटेना. शेवटी बुधवारी संध्याकाळी वॉचमन काकांनी जाळीचं झाकण उघडून बादली सोडली, पहिल्या खेपेला नुसतं पाणी, दुसऱ्याला एक बेडूक (ठमी: "हा पण चालेल"), चौथ्या की पाचव्या खेपेला बाळू आला. खरंच डाग होता. आजोबा तर असे हसले की जणू दहावीचा निकाल लागला.

बाटलीचा किस्सा वेगळाच. मी हॉर्लिक्सची मोठी बाटली साबणाने घासायला घेतली तर आजोबा ओरडले, साबण नको, जरासा राहिला तरी मासा मरतो, नुसतं मीठ लावून घास आणि खळखळून धू. पाणी पण विहिरीचंच भरायचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय वापरायचं नाही. आणि बाटली गच्च भरायची नाही, अर्धी रिकामी ठेवायची कारण मासा त्या पाण्यात वरून मिसळणाऱ्या हवेवरच जगतो. हे सगळं या माणसाला कधीपासून माहिती होतं देव जाणे, लग्नाला नऊ वर्षं झाली, मला फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगतात.

मग मी माझ्या कामाला लागले, म्हणजे भाषण लिहायला. इंग्लिशमध्ये आठ वाक्यं. माय पेट इज अ गप्पी फिश, इट इज स्मॉल अँड ब्युटिफुल, वगैरे. ठमीने पहिल्या वाक्यानंतर विचारलं, ब्युटिफुल का? बाळू ब्युटिफुल नाहीये, बाळू करडा आहे. रंगीत शेपटीवाले ते छोटे असतात, ते दुसरे. मी म्हणलं बरं, ते काढूया. मग म्हणे शी कशी करतो ते सांगायचं, लांब दोऱ्यासारखी असते. नाही सांगायचं. का नाही? या का नाहीवर आमची बुधवारची रात्र गेली.

गुरुवारी नवरा ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये बसून वाचत आला. गप्पी हे नाव गप्पांवरून आलं असेल असं मला मनापासून वाटत होतं, तर नाही, १८६६ मध्ये त्रिनिदादमधून हे मासे गोळा करून लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या माणसावरून. मासे मूळचे तिकडचेच, दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे. आणि डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची सगळी भानगड आठ-दहा दिवसांत उरकते, त्यातल्या अळ्या पाण्यात असतानाच हे मासे त्या खातात. म्हणूनच पावसाळ्यात ते सांगत येतात ना, आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून कोरडं ठेवा, ते याच हिशोबाने. ठमीला हे फार आवडलं. "म्हणजे बाळू कामाला जातो?" हो बाई, आपल्यासारखाच, पगार नाही एवढंच.

आणि मग नवरा म्हणाला, अगं, रंगीत आणि छोटे ते नर, मोठी आणि करडी ती मादी. आणि पोटावरचा, शेपटीकडच्या बाजूचा तो काळा डाग म्हणजे पोटात पिल्लं. आम्ही सगळे बाटलीकडे बघायला लागलो. बाळू आमच्याकडे. ठमीने विचार केला आणि जाहीर केलं, नाव बदलायचं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला मी डबा करायला उठले, दिवा लावला आणि बाटलीत बघते तर तळाशी बारीक बारीक वळवळणारं काहीतरी, डोळे असलेलं. मला वाटलं अळ्या! डासांच्या! माझ्या ओट्यावर! मी झाकण काढून बाटली सिंककडे नेली, मागून आजोबांनी हात धरला म्हणून बरं. पिल्लं होती. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लंच देतात, हे आदल्या रात्री वाचून दाखवलेलं मी भाजी निवडताना नीट ऐकलं नव्हतं. सासूबाई झोपेतून उठून येऊन, "पण एकटीच होती ना गं ती बाटलीत?" नवऱ्याने सांगितलं की मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवू शकते. यावर सासूबाईंनी माझ्याकडे बघून "बघ बाई, नवऱ्याचं काही कामच नाही" असं म्हटलं आणि चहा टाकला.

चहाच्या गाळण्याने पिल्लं वेगळी काढली (ते गाळणं आता माशांचंच झालं). अकरा सापडली. ठमीने मोजली, मग परत मोजली, मग म्हणाली मगाशी तेरा होती. आई स्वतःचीच पिल्लं खाते हे मला सांगायचं नव्हतं, मी म्हणलं लपली असतील. आजी म्हणाल्या, "खाल्ली असतील. त्यांच्यात तसं असतं." ठमी दोन मिनिटं गप्प. मग बूट घालायला गेली.

शाळेत एक बाटली आईची, एक पिल्लांची, रिक्षावाले काका इतक्या हळू गेले की मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. माझी आठ वाक्यं बॅगेत घडी घालून दिली होती, घडी तशीच परत आली. टीचरचा मेसेज साडेअकराला, ठमी साडेसहा मिनिटं बोलली, अर्धं मराठीत, पिंप कोरडं ठेवायला सांगितलं, शी कशी असते ते सांगितलं, आणि मग आईने दोन पिल्लं खाल्ली हेही सांगितलं, त्यावर दोन मुलं रडली. पुढे एक हसणारा इमोजी होता. म्हणजे रागावली नव्हती बहुतेक.

संध्याकाळी ग्रुपवर चौघींनी विचारलं पिल्लं मिळतील का. लॅब्रेडोरवालीने पण! पिल्लं गॅलरीतल्या टबमध्ये आहेत, मोठी झाली की देईन, पण प्रत्येकीला बजावून सांगितलं की कंटाळा आला तर तलावात नेऊन सोडू नका, हे भराभर वाढतात आणि तिथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात, मला परत द्या, नाहीतर आमच्या विहिरीत. बाळू शनिवारी परत विहिरीत गेली, किंवा गेला, घरात अजून एकमत नाही.

काल नवीन मेसेज आला. पुढच्या महिन्याचा विषय 'आपले मदतनीस', शक्य असेल तर व्यक्तीला सोबत आणा. मी अजून कुणाला काही बोललेही नव्हते तर संध्याकाळी गेटवर वॉचमन काकांनी थांबवलं. "ताई, बेबी म्हनली शाळेत यायचंय बादली घेऊन. तितं विंग्लिश बोलाय लागंल का?"