फिटनेस सर्टिफिकेट दिलं तरी रुजू करून घेईनात

आजाराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मला लिहायचंय ते आमच्या ऑफिसातल्या आस्थापनेच्या टेबलाबद्दल, कारण अजून आठवलं की डोकं सणकतं. थोडक्यात सांगते. बायपोलर (मूड दोन टोकांना जाणारा मानसिक आजार) निघालं, कोल्हापूरला दाखवलं, त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं, वैद्यकीय रजा टाकली, हळूहळू झोप जागेवर आली आणि डॉक्टर म्हणाले आता कामावर जा, घरात बसून काय करणार. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

मी स्वतः क्लार्क. वैद्यकीय रजेवरून परत येताना फिटनेस लागतं, त्याशिवाय रुजू करून घेत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको, दुसऱ्यांच्या फायलींना मीच लावलेत ते कागद. सर्टिफिकेट आणि रुजू अहवाल घेऊन गेले. आस्थापनेच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कागद हातात धरला आणि वरचं लेटरहेड "मा-न-सो-प-चा-र तज्ज्ञ" असं सुटं सुटं मोठ्याने वाचलं. बाजूच्या टेबलावर आवकची नोंद चालली होती ती थांबली. मग म्हणाले, "हे प्रायव्हेटचं झालं, सरकारी आण." बरं, आणलं. पावसात एसटीने जाऊन आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तरी कोपरा भिजलाच. तर म्हणे, "यात आजार काय ते लिहिलेलंच नाही. केसपेपर जोड सगळे."

का जोडू? आजारातून बरी झाली आहे, कामावर रुजू होण्यास पात्र आहे, एवढंच त्या सर्टिफिकेटने सांगायचं असतं. पाय मोडून आलेल्या शिपायाचा एक्स-रे मागितला होता का कधी? लेटरहेडवरून काय ते कळतंच, त्यामुळे लपवायचं म्हणून नव्हे, पण केसपेपरात मी डॉक्टरांना घरातलं काय काय सांगितलंय ते असतं, आणि ती फाईल कुठल्या कुठल्या टेबलावरून फिरते आणि चहाबरोबर कशी वाचली जाते ते मी रोज बघते. आमच्याकडे कोणाचं जरा बिनसलं की "रत्नागिरीक धाडूक व्हया" म्हणून हसतात, कारण मनोरुग्णालय तिथे. त्या हसण्याला मी आयता कागद देणार नव्हते.

मग सुरू झालं उद्या ये, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब मीटिंगला आहेत. वर गणपती तोंडावर. "चवथ होवंदे गो, मगे बघूया." म्हणजे मी फिट, पण घरी, आणि पगाराचं काय ते कोणी बोलेना. बरं, आवाज चढवायचीही चोरी! दुसरा कोणी टेबलावर हात आपटला तर तापट, मी आपटला तर "बघा, अजून बरी नाही." हे सगळ्यात जास्त झोंबलं. एका रात्री झोप येईना तेव्हा १४४१६ ला फोन केला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. बोलून बरं वाटलं.

सुटलं ते असं. मी साधा अर्ज टाकला: केसपेपर कोणत्या नियमाने मागता ते लेखी कळवावे. खाली लिहिलं की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ प्रमाणे माझ्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा मला हक्क आहे. इनवर्ड करून, म्हणजे आवकला नोंदवून, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. लेखी द्यायचं म्हटल्यावर सगळे गार! साहेबांनी फाईल मागवली आणि "रुजू करून घ्यावे" एवढा शेरा मारला. गणपतीच्या आधी.

तेव्हा कोणी या फेऱ्यात असेल तर रुजू अहवाल पहिल्याच दिवशी इनवर्ड करा, कागद अपुरे म्हणाले तरी करा, पोच घ्या, तारीख तिथून धरायला सांगता येते. मी तो केला होता म्हणून वाचले. डॉक्टरांकडून हलक्या कामाचं किंवा रात्रपाळी नको असं काही हवं असेल तर ते सर्टिफिकेटातच लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं ऑफिसात कोणी धरत नाही. आणि कामावरून काढतील ही भीती असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० वाचून ठेवा, सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही, आणि त्या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

हां, लिथियमवाल्यांनी आपल्या इथल्या उकाड्यात पाणी पीत राहा, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची लेव्हल वाढते. डोकं दुखलं म्हणून कोणाच्याही ड्रॉवरमधली पेनकिलर घेऊ नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही वाढते. लेव्हलची टेस्ट आदल्या डोसनंतर बारा तासांनी करायची असते, म्हणून मी सकाळी लॅब करून मग ऑफिसला जाते, हजेरीला उशीर होतो, तो साहेबांना आधीच सांगून ठेवलाय.

रजेच्या काळाचा पगार मात्र अजून सेवार्थला (सरकारी पगाराची ऑनलाइन प्रणाली) पडलेला नाही. बिल भाऊसाहेबांच्याच टेबलावर आहे. सोमवारी दुसरा अर्ज टाकतेय.